कठड्यावरचं पांढरं फडकं

आधी हे सांगून टाकते की मी बरी झाले. हे वाचणाऱ्या एखाद्या बाईला कदाचित आजच डॉक्टरांनी तो शब्द सांगितला असेल आणि पुढचं वाचायची तिच्यात ताकद नसेल. तिने एवढंच वाचून कागद मिटला तरी चालेल. मला क्षय होता. वर्षभर मी खाटेवर होते. आज मी माझ्या हाताने बाजरीची भाकरी थापते, विहिरीवरून अर्धी घागर आणते आणि भांडण तर अगदी पूर्वीसारखं करते.

ज्यांना सगळं ऐकायचंय त्यांनी बसावं. मला थोडक्यात सांगता येत नाही. हे नेहमी म्हणत, "मार्थाला वेळ विचारली की ती घड्याळ कुणी केलं तिथून सुरुवात करते." हे म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, सुतारकामातले.

बाजरी

आम्ही दोघंही पारनेर तालुक्यातले, शेजारशेजारच्या गावांतले. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्हीकडे कोरडवाहू जमीन. आमच्याकडे पोहायला शिकायचं म्हटलं तर आधी पाणी शोधावं लागे. अशा मुलखातली दोन माणसं समुद्रावर कशी गेली, तर ह्यांनी नगरला मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकून घेतलं आणि रेवदंड्याला होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला लागले. लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. समुद्र पाहून मी पहिलं वाक्य बोलले ते असं, "एवढं पाणी आणि पिता येत नाही? मग उपयोग काय त्याचा?" हे ती गोष्ट मरेपर्यंत लोकांना सांगत होते.

बंदरखात्यात एक गोरा साहेब होता. त्याची एका डोलकाठीची लहानशी याट होती, म्हणजे फिरायची, हौसेची होडी. ह्यांनी तिचा तळ तीनदा नवा करून दिला होता. साहेब विलायतेला कायमचा निघाला तेव्हा जाताजाता ती ह्यांच्या हवाली करून गेला. सोबत त्याची पितळी दुर्बीणही दिली. आत एक खोली, दोन माणसं निजतील एवढी, तीही एकाने कूस बदलताना दुसऱ्याला विचारलं तर!

ह्यांनी तिच्यावरचं इंग्रजी नाव खरवडून काढलं आणि घरी येऊन मला विचारलं, "काय नाव ठेवू?" मी तेव्हा तांदळाच्या पिठाची उकड मळत होते आणि वर्षभर भात खाऊन खाऊन माझं डोकं फिरलं होतं. "बाजरी ठेवा," मी फणकाऱ्याने म्हटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर पांढऱ्या रंगात ठसठशीत "बाजरी". कोळीवाड्यातले लोक पुढे वीस वर्षं त्या नावाला हसले. एक म्हातारी कोळीण मला दर वेळी विचारायची, "काय गो, बाजरी पेरलीस का पान्यात?"

दर नाताळानंतर हे महिनाभर रजा काढत आणि आम्ही निघत असू. पहाटे डोंगराकडून जमिनीवरचा वारा सुटतो, त्याला तिकडे मतलई म्हणतात. त्या वाऱ्यावर खाडीतून बाहेर पडायचं. दुपारी समुद्राकडून खारा वारा आला की त्याच्या जोरावर पुढचं बंदर गाठायचं. मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ, जयगड. एकदा थेट मालवण. पहिले दोन दिवस मी ओकून ओकून अर्धी झाले, मग जन्मात कधी मळमळलं नाही. किनाऱ्यावरच्या बायका मला बघायला यायच्या. बाईमाणूस शिडाच्या दोरीला हात लावतं हे त्यांना खरंच वाटायचं नाही. मी त्यांना भाकरीचा तुकडा द्यायचे आणि त्या मला ओलं खोबरं.

काय दिवस होते ते! मूलबाळ आम्हाला झालं नाही. त्याचं दुःख घरात असायचं, होडीत कधी आलं नाही.

सुकाणूचा नियम

होडीत ह्यांचा एकच नियम होता. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने निजायचं. निजलेल्याला उगाच उठवायचं नाही. पण सुकाणू दुसऱ्याच्या हाती देताना सगळं खरं सांगायचं. वारा कुठला, पाणी किती, खडक कुठे, आत गळती आहे का, आपल्याला भीती वाटतेय का. तेसुद्धा. मग म्हणायचं, "सुकाणू दिलं." समोरच्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही.

आमच्या शेवटच्या सफरीत दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी सुकाणू माझ्याकडे होतं. सकाळची वेळ. खोकला महिनाभर होताच. त्या दिवशी खोकले आणि ओंजळीत तांबडं आलं. मी हात बाहेर काढून समुद्रात धुतला. थोड्या वेळाने हे उठून आले, डोळे चोळत. मी सांगितलं, वारा ठीक, पाणी ठीक, डावीकडे जाळी टाकलीत ती सांभाळा. "सुकाणू दिलं."

"घेतलं," हे म्हणाले. आणि मी आत जाऊन निजले.

का नाही सांगितलं? सफर मोडली असती म्हणून. बस्स, एवढंच. पुढचे कितीतरी महिने मी होडीत आणि मग घरी, एकाच अंथरुणात ह्यांच्या शेजारी निजले, एका पेल्यातून पाणी प्याले. वाचणाऱ्याने इथे जरा थांबावं आणि हे लक्षात ठेवावं.

तो शब्द

पावसाळाभर हिवताप म्हणून कोयनेल गिळलं. मग चांगल्या डॉक्टरांकडे जाऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून बघत होते आणि मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी फोटो खाली ठेवला, माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं, आणि मला कळलं. "क्षय आहे. इथली दमट हवा सोडा. कोरड्या हवेच्या मुलखात घेऊन जा. तिकडे नगरकडे मिशनचा चांगला दवाखाना आहे."

मला हसूच फुटलं. डॉक्टरांना वाटलं बाई भ्रमिष्ट झाली. अहो, ज्या कोरडेपणाला कंटाळून आमचे आईबाप मेले, तोच मला औषध म्हणून लिहून दिला होता!

हसणं दारापर्यंतच टिकलं. बाहेर ओट्यावर बसून मी दोन्ही हातांनी ह्यांचं धोतर धरलं आणि म्हटलं, "मला मरायचं नाही हो." हे माझ्या शेजारी बसले आणि कितीतरी वेळ माझी चप्पल नीट करत राहिले.

बाजरी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवली. जर्मनीशी लढाई चालू होती, समुद्रावर हिंडायचे दिवस तसेही संपलेच होते.

राहुरीला माझा भाऊ होता. दवाखान्यात जाण्याआधी एक रात्र त्याच्याकडे उतरलो. भावजयीने मला जेवण दिलं ते पत्रावळीवर, पाणी दिलं ते नारळाच्या फुटक्या करट्यात, आणि मी निघाल्यावर बसलेली जागा शेणाने सारवली. तिची दोन लेकरं लहान होती. आज मला तिचा राग नाही. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाट

दवाखाना गावाबाहेर माळावर होता. बायकांचा वॉर्ड म्हणजे लांबलचक ओसरी, तीन बाजूंनी उघडी, पुढे लाकडी कठडा. थंडी असो, ऊन असो, खाटा ओसरीवरच. सकाळी ताप मोजायचा, दूध, दोन अंडी, मग पडून राहायचं. बोलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही, वेणीसुद्धा दुसरीने घालायची. मला! जिने भर वाऱ्यात शीड उतरवलं तिला स्वतःची वेणी घालायची मनाई.

शेजारच्या खाटेवर शेवगावकडची कोंडाबाई होती, शेतकऱ्याची बायको. पहिल्या दिवशी तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "कुटली गं तू?" मी म्हटलं पारनेरची, पण राहते समुद्राकाठी, नवऱ्याबरोबर होडीतून हिंडते. ती पलीकडच्या खाटेकडे वळून म्हणाली, "हिला ताप लई चढलाय गं. सिस्टरला हाक मार."

दर आठवड्याला बरगड्यांच्या मधून सुई घालून छातीत हवा भरत. त्याने आजारी बाजूचं फुफ्फुस दबतं आणि त्याला विसावा मिळतो. पहिल्या वेळी मी इतकी घाबरले की सिस्टरचा हात ओरबाडला. रविवारी हे भेटायला आले तेव्हा मी रडत सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, सोपं आहे की. एक निजलंय, दुसरं सुकाणूवर आहे. निजलेल्याला उठवू नको." त्यानंतर सुईची भीती गेली असं म्हणणार नाही. पण ओरबाडणं थांबलं.

फडकी

भेटायची परवानगी फक्त रविवारी दुपारी होती. ह्यांनी नोकरी सोडली आणि दवाखान्याच्या आवाराबाहेर, विहिरीजवळ, एक झोपडी उभी केली. दवाखान्याच्या खाटा आणि खिडक्या दुरुस्त करायचं काम मिळवलं. ओसरीपासून झोपडी दोनशे पावलांवर असेल, पण मधे नियम होता.

मग ह्यांनी होडीतली युक्ती काढली. बाजरीच्या जुन्या शिडाचं एक पांढरं फडकं आणि माझ्या फाटक्या लुगड्याचं एक तांबडं, अशी जोडी मला दिली, तशीच एक स्वतःकडे ठेवली. सकाळी ताप मोजून झाला की मी सिस्टरच्या मदतीने कठड्याला फडकं बांधायचं. पांढरं म्हणजे ठीक. तांबडं म्हणजे ठीक नाही. ते झोपडीपुढच्या बांबूवर उत्तर द्यायचे. दुर्बीण त्यांनी मला दिली. "तुला पडल्यापडल्या बघायला," म्हणाले. "मला काय, माझे डोळे घारीचे आहेत."

ती दुर्बीण साऱ्या वॉर्डाला पुरली. जिचा ताप उतरलेला तिने पाच मिनिटं बघायचं असा कायदा कोंडाबाईने केला. रस्त्यावरून बैलगाडी गेली की बायका बैलांच्या शिंगांचा रंग सांगायच्या. कोंडाबाई सकाळी उठली की माझ्या आधी म्हणायची, "मास्तरीनबाई, झेंडी लावा की. मास्तर हुबं हायत कवाचं."

ह्यांना आणखी एक खोड होती. तिथीची पाऊणपट केली की आमच्या किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब. हे रविवारी आले की खाटेशी बसून सांगत, "आज अष्टमी. सहाला भरती." सव्वाशे मैलांवरची भरती! कोंडाबाई म्हणायची, "हितं हिरीला पानी न्हाई आन् ह्यांची भरती बगा."

थंडीत एक दिवस मला पुन्हा रक्त पडलं, वाटीभर. सिस्टरने बर्फ दिला, हलू नको म्हणाली. सकाळी मी तिला खुणेने सांगितलं, पांढरं बांधा. ते सुखाने काम करतील, मला वाटलं. रविवारी ह्यांनी खाटेच्या पायाशी अडकवलेला तापाचा कागद वाचला. वीस-बावीस वर्षांत मी ह्यांना इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं.

"पांढरं लावलंस? मार्था, मी तुझ्या फडक्यावर विसंबून इथं दारांना रंधा मारत बसलो होतो!"

तेव्हा माझा बांध फुटला आणि मी दाभोळचंही सांगितलं. ओंजळीचं, समुद्रात हात धुतल्याचं, सगळं. त्यांनी तापाचा कागद पुन्हा खाटेला अडकवला. मग म्हणाले, "आता शपथ घे. यापुढे खोटं फडकं नाही."

मी घेतली. "तुम्हीपण घ्या," म्हटलं. "घेतली," ते म्हणाले. त्या वेळी ते जरा खोकले. धूळ असेल, मला वाटलं.

गाठ

उन्हाळा आला. माझा ताप गेला, वजन चढू लागलं. वीस पावलं चालायची परवानगी मिळाली. झोपडीवर रोज पांढरं फडकत होतं. दोन रविवार हे आले नाहीत, दारांचं काम अडलंय असा निरोप आला. पण फडकं पांढरं होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

एका सकाळी दुर्बीण लावून बघत होते आणि काहीतरी खटकलं. फडकं तेच, बांबू तोच. मग दिसलं. गाठ वेगळी होती. हे आयुष्यभर सुरगाठ मारत, एक कान लोंबता ठेवून. ओढला की सुटते. होडीत निरगाठ मारणं त्यांच्या लेखी पाप. भर वाऱ्यात निरगाठ सोडत बसलास तर बुडालास, असं ते म्हणत. आणि त्या बांबूवर कान नव्हता. घट्ट, गोळा झालेली, बैल बांधायची निरगाठ होती.

मी दुर्बीण कोंडाबाईच्या हातात दिली आणि खाटेवरून उतरले.

"अगं कुटं निगाली? वीस पावलांची परवानगी हाय तुला!"

मी मोजली नाहीत. आवाराच्या फाटकाशी सिस्टरने हाक मारली, मी थांबले नाही. झोपडीच्या दारात दवाखान्याचा म्हातारा माळी रखमाजी बसला होता. मला पाहून तो उठलाच.

"बाई, मास्तरांनीच सांगितलं हुतं. रोज पांडरं बांदायचं, तांबड्याला हात लावायचा न्हाई. म्या बांदलं."

"कधीपासून?"

"झालं की दहा-बारा रोज. त्यास्नी हात वर करवंना."

आत हे पडले होते. गालांची हाडं वर आली होती. उशाला करटं होतं आणि त्यात काय आहे ते मला बघावं लागलं नाही. मी काय बोलले असेन? रडले असेन असं वाटेल तुम्हाला. मी भांडले. शपथ मोडली म्हणून, खोटं फडकं लावलं म्हणून, माझ्या जिवावर उठलात म्हणून, तोंडाला येईल ते बोलले. धाप लागली तेव्हा खाली बसले.

ते हसले. "गाठीवरून ओळखलंस ना?" म्हणाले. "रखमाजीला शिकवत होतो गं सुरगाठ. जमेनाच त्याला."

आता मी झोपडीत

ह्यांना पुरुषांच्या वॉर्डात घेतलं. डॉक्टरांनी फोटो काढला. क्षय दोन्ही बाजूंना होता. एक निजवावं तर सुकाणूवर बसायला दुसरं धड नव्हतं. हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही, माझं मला कळलं.

माझ्याकडूनच गेला तो त्यांना. लोक म्हणतात, असं म्हणू नका, कुणाला सांगता येतं? मला येतं. दाभोळच्या तोंडाशी मी एक वाक्य खरं बोलले असते तर वेगळी निजले असते, वेगळ्या पेल्यातून प्याले असते. म्हणून तर हे लिहायला बसले. बाई गं, तुला तांबडं दिसलं तर त्याच दिवशी सांग. सफर मोडू दे, लग्नकार्य मोडू दे, सासूला तोंड वाकडं करू दे. सांग.

पावसाळ्यानंतर मला घरी सोडलं. घर कुठलं, मी त्यांच्याच झोपडीत राहायला गेले. आता त्यांच्या वॉर्डाच्या कठड्यावर फडकं त्यांनी लावायचं आणि बांबूवर मी. रोज सकाळी मी दुर्बीण डोळ्याला लावायचे. बहुतेक दिवस तांबडंच असायचं. त्यांनी पुन्हा खोटं लावलं नाही. एखाद्या दिवशी पांढरं दिसलं की मी रखमाजीला बोलावून दाखवायचे, आणि तो गाठ बघून म्हणायचा, "कान हाय, बाई. मास्तरांचीच हाय."

दुर्बिणीतून मला दिसायचं, ते माझ्याकडे बघत हात हलवतायत. दोनशे पावलांवर. आम्ही दोघंच, आणि मधे पाण्याऐवजी माळ. मला ते दिवससुद्धा आठवतात ते सुखाचेच आठवतात, याची मला लाज वाटत नाही.

आता नव्या सुया आल्यात म्हणे, त्यांनी हा रोग बरा होतो. येऊ देत, लाखो लोक बरे होऊ देत. आमच्या वेळी नव्हत्या.

एका दुपारी, वेळ नसताना, कठड्यावर तांबडं चढलं. सकाळचंच सोडून पुन्हा बांधलेलं, म्हणजे मला बोलावणं होतं. मी दुर्बीण न लावताच धावले. मला कुणी अडवलं नाही, त्यावरूनच काय ते कळलं.

"तिथी कोणती?" त्यांनी विचारलं.

"पंचमी."

ओठ हलले. "पावणेचार," म्हणाले. "चांगलं पाणी असेल खाडीत."

मी त्यांचा हात धरला. ते हळूहळू, थांबत थांबत बोलत होते, होडीत बोलत तसे. "वारा पडलाय. आत पाणी येतंय. उपसून उरकत नाही." मग म्हणाले, "मार्था, मला भीती वाटतेय."

"हो," मी म्हटलं. "मला पण."

"सुकाणू दिलं."

मी गप्प बसले. नियम मला ठाऊक होता. समोरच्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही, आणि ह्यांनी वीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. मी बोलले नाही तर ते जाणार नाहीत, असं मला खरंच वाटलं. मी तोंड घट्ट मिटून बसले. ते माझ्याकडे बघत राहिले. छाती भात्यासारखी हलत होती, डोळे दमले होते, तरी मिटत नव्हते. वाट बघत होते. किती वेळ मी त्यांना तसं ठेवलं, देवाला ठाऊक. त्याची क्षमा मी रोज मागते.

शेवटी मी म्हटलं, "घेतलं. निजा आता."

त्यांनी माझ्या हातातला हात सैल केला.

संध्याकाळी मी कठड्यावरचं तांबडं फडकं सोडायला गेले. गाठीला कान होता. ओढल्याबरोबर सुटली.